प्युजो इंजिन फ्रेंच, जर्मन की इगतपुरीचं? एका डिझेल मेकॅनिकचं उत्तर

साताऱ्याकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: काकांची महिंद्राची जुनी ५४० डीपी जीप त्यांच्याकडे आली आहे, तिच्यात प्युजो या मोटार कंपनीच्या आराखड्याचं डिझेल इंजिन असतं. इंजिन खोलून ती पुन्हा रस्त्यावर आणायची आणि पुढे प्युजोचं चिन्ह असलेला सिंह लावायचा, असा बेत आहे. पण एक मित्र म्हणतो प्युजो मुळात जर्मन, कारण तिच्या पहिल्या गाड्यांत डेमलरचं इंजिन होतं. दुसरा म्हणतो ती आता डच कंपनी आहे. तिसऱ्याचं म्हणणं, इंजिन इगतपुरीत बनलं, मग फ्रेंच कसलं? ‘यात खरं काय? सिंह लावला तर तो खोटेपणा होईल का?’ असा त्यांचा प्रश्न.

मी नाशिक भागात तीस वर्षांहून जास्त काळ डिझेल गाड्यांचं काम करतो. त्यातली निम्मी वर्षं तरी हात याच इंजिनात होते. म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचे तिन्ही मित्र खोटं बोलत नाहीत, पण तिघं तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. एक जण सांगतो पहिली विद्या कुठून आली, दुसरा सांगतो आजचा मालक कोण, तिसरा सांगतो तुमच्या हातातला ब्लॉक कुठे ओतला. आणि चौथा प्रश्न, म्हणजे हे घराणं कुठलं आणि त्याच्या हाताला वळण कुठे लागलं, तो कोणी विचारलाच नाही. माझ्या मते सिंहाचा प्रश्न तिथेच सुटतो.

प्युजो कुटुंब पूर्व फ्रान्समधल्या माँबेलियार परिसरातलं. स्वित्झर्लंडची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. हा मुलूख जवळजवळ चारशे वर्षं व्युर्टेम्बर्गच्या जर्मन राजघराण्याकडे होता. लोक फ्रेंच बोलायचे, पण राजा स्टुटगार्टचा आणि पंथ लुथरचा. प्राणिशास्त्रज्ञ क्युविए हा १७६९ साली इथेच जन्मला तेव्हा तो फ्रान्सचा प्रजाजन नव्हता, आणि शिकायला गेला तोही स्टुटगार्टलाच. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, माँबेलियार फ्रान्सला जोडलं गेलं. म्हणजे ‘मुळात जर्मन’ म्हणणाऱ्या मित्राला एक दुवा मीच हातात देतो. मात्र तो दुवा राजाचा आहे, कारखान्याचा नाही. कारखान्याची भट्टी पेटली १८१० साली, आणि तोवर हा भाग फ्रान्समध्ये आला होता. ज्याँ-पिएर आणि ज्याँ-फ्रेदेरिक या दोन प्युजो भावांनी एरिमाँकूर गावाजवळची घरची पाणचक्की मोडून तिथे पोलाद ओतायला सुरुवात केली. जिथे धान्य दळलं जायचं तिथे करवतीची पाती बनू लागली. मग घड्याळाच्या स्प्रिंगा, बायकांच्या घेरदार झग्यांच्या पोलादी कड्या, आणि १८४० पासून कॉफी दळायची गिरणी. प्युजो नावाच्या मिरीच्या आणि कॉफीच्या गिरण्या आजही विकत मिळतात. मोटार यायला अजून पन्नास वर्षं होती.

आता सिंहाकडे येतो, कारण तुम्हाला लावायचा आहे तो तोच. पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की हा सिंह शेजारच्या बेल्फोर शहरातल्या डोंगराच्या कड्याशी दगडात उभारलेल्या प्रचंड सिंहावरून घेतला. ते जुळत नाही. बेल्फोरचा सिंह १८८० मध्ये पुरा झाला. प्युजोचा सिंह माँबेलियारच्या जुस्तँ ब्लाझेर या सोनारकाम करणाऱ्या कोरक्याने १८४७ मध्ये काढला आणि १८५८ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. तो बाणावरून चालतो, आणि तो करवतीच्या पात्यावर ठोकायचा शिक्का होता. सिंहाच्या दातांसारखे टिकणारे करवतीचे दात, त्याच्या पाठीच्या कण्यासारखं लवणारं पातं आणि त्याच्या झेपेसारखी कापण्याची चपळाई, असे तीन गुण त्यात सांगितले होते. हॅकसॉचं स्वस्त पातं दुसऱ्याच फटक्याला मोडतं तेव्हा मला हे तिन्ही गुण आठवतात. पोलाद कडक करायचं आणि तरी ते लवलं पाहिजे, ही गोष्ट ज्याला साधली त्याला पुढे स्प्रिंग, गिअर, क्रँक हे सगळं साधतं. सिंहाचा खरा अर्थ हा आहे. मोटारीपेक्षा तो चाळीसएक वर्षांनी मोठा आहे.

मग डेमलरचं काय? मित्राची गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी आहे. मोटारी काढल्या त्या आर्माँ प्युजो यांनी. तरुणपणी १८७१ मध्ये ते इंग्लंडमधल्या लीड्सला जाऊन आले होते आणि तिथले कारखाने बघून आल्यावर १८८२ पासून त्यांनी सायकली काढल्या. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी मांडलेली पहिली गाडी वाफेची होती, तीन चाकांची, सेर्पोले यांच्या बॉयलरवर चालणारी. वाफेत दम नाही हे त्यांना लगेच कळलं. गोटलीब डेमलर यांच्या पेट्रोल इंजिनाचे फ्रान्सपुरते हक्क तेव्हा लुईज साराझँ या विधवा बाईंकडे होते. नवऱ्याच्या मागे त्यांनी ते नेटाने राखले होते. पुढे त्यांनी एमील लव्हासोर यांच्याशी लग्न केलं, आणि पान्हार-लव्हासोर ही फ्रेंच कंपनी ती इंजिनं परवान्याने बनवू लागली. तेच इंजिन १८९० मध्ये प्युजोच्या गाडीत बसलं. इंजिनाचं मूळ जर्मन, घडवणारे पॅरिसचे, गाडी माँबेलियारकडची. १८९१ मध्ये अशीच एक गाडी वालाँतिन्येहून पॅरिसला, तिथून सायकल शर्यतीच्या मागोमाग ब्रेस्तला आणि परत, अशी दोन हजार किलोमीटरहून जास्त धावली. वाटेत पेट्रोल पंप नव्हते, गॅरेजं नव्हती. जे मोडेल ते दोघा माणसांनी स्वतः दुरुस्त करायचं होतं. या प्रवासाचं मला फार कौतुक वाटतं.

पण गोष्ट इथे थांबत नाही. १८९६ मध्ये प्युजोने स्वतःचं इंजिन तयार केलं आणि परवान्याचं बोट सोडलं. सहा वर्षांत. आणि सोळा-सतरा वर्षांनी, १९१२-१३ मध्ये, प्युजोच्या रेसिंग इंजिनात दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे वरचे दोन दांडे, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. १९१३ ची इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत झ्यूल गू यांनी प्युजोवर जिंकली, आणि ती मांडणी मग जगाने उचलली. आज शोरूममध्ये ‘सोळा व्हॉल्व्ह, डीओएचसी’ असं अभिमानाने सांगतात ना, त्या मांडणीची मोठी पायरी तिथे आहे. त्या इंजिनावर काम करणारा एर्नेस्ट आन्री स्विस होता, हेही सांगून टाकतो, म्हणजे उद्या चौथा मित्र उगवायला नको.

तुमच्या जीपशी संबंध आहे तो डिझेलचा. तिथेही तीच वाट दिसते. प्युजोने १९२८ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या लिल शहरात इंजिनांची कंपनी काढली आणि जर्मनीच्या युंकर्सच्या परवान्याने डिझेल बनवायला सुरुवात केली. त्या कंपनीचं पुढे इंदेनोर झालं. १९५९ मध्ये ४०३ या मोटारीत तिचं स्वतःचं डिझेल बसलं. पुढे ४०४, मग ५०४. तुमच्या जीपमधलं एक्सडीपी ४.९० हे त्याच घराण्यातलं. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८३ मिलिमीटर, म्हणून २११२ सीसी. ५०४ डिझेलमध्ये हेच माप होतं. ५०४ आफ्रिकेत इतकी चालली की नायजेरियात कडुना इथे तिची जोडणी व्हायची. धूळ, खड्डे, जास्त भरलेला माल आणि हाताशी मोजकी हत्यारं, अशा मुलखात टिकलेलं इंजिन आपल्याकडे आलं. घोटी-त्र्यंबकच्या घाटात ते कुरकुरलं नाही, यात नवल नाही.

हेड उघडाल तेव्हा त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी वेगळी पोकळी दिसेल. डिझेल आधी तिथे फवारलं जातं, तिथे पेटतं आणि मग पिस्टनवर येतं. ही पोकळी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरच्या रचनेची आहे. ती भिंतीतून उष्णता खाते, म्हणून थंड इंजिनाला हीटर प्लगशिवाय जाग येत नाही. मी शिकत होतो तेव्हा थंडीत पहाटे एक जीप धक्का मारून मारून थकलो होतो. उस्तादांनी मला बाजूला केलं, किल्ली फिरवून हीटरवर ठेवली आणि तोंडाने वीसपर्यंत आकडे म्हटले. पहिल्या सेल्फला गाडी उठली. ते म्हणाले, ‘प्युजोला घाई चालत नाही.’ त्या दिवशी मला प्युजो हे कंपनीचं नाव आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आमच्या गॅरेजमध्ये ते इंजिनाच्या जातीचं नाव होतं.

म्हणजे तुमच्या बॉनेटखाली रिकार्डोची इंग्रजी पोकळी आहे, बॉशच्या जर्मन पद्धतीचा इंधन पंप असेल, आणि नोझल कदाचित नाशिकलाच मायकोच्या कारखान्यात बनलेली असेल. एवढं सगळं असूनही आराखडा एकाचाच आहे. बोअर किती, बेअरिंगची माया किती, हेड किती टॉर्कला आवळायचं, हे ज्याने ठरवलं त्याचं ते इंजिन. हेड आवळताना तुम्ही त्याचंच ऐकता.

तिसऱ्या मित्राला इगतपुरीचं श्रेय मी मनापासून देतो. महिंद्राने १९७९ मध्ये प्युजोकडून या इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा केला. त्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पगार त्या कारखान्याचा आला. त्याआधी जीप म्हणजे बहुतेक पेट्रोल पिणारी अमेरिकन विलीजची लेक, १९४९ पासून माझगावला जोडली जाणारी. डिझेलने ती शेतकऱ्याच्या, वडापवाल्याच्या आवाक्यात आली. डीपी म्हणजे डिझेल प्युजो, असंच आम्ही धंद्यात म्हणत आलो. पुढे २४९८ सीसीचं एक्सडी-३पी आलं, ९४ चा बोअर आणि ९० चा स्ट्रोक, आणि सुरुवातीच्या बोलेरोपर्यंत ते पोचलं. बीए-टेन हा पाच गिअरचा गिअरबॉक्सही प्युजोचाच. हळूहळू महिंद्राने त्याच पायावर स्वतःची इंजिनं घडवली. आर्माँ प्युजो यांनी डेमलरकडून घेतलं आणि सहा वर्षांत आपलं केलं, लिलच्या लोकांनी युंकर्सकडून घेतलं आणि आपलं केलं, इगतपुरीने प्युजोकडून घेतलं आणि आपलं केलं. परवाना घेणं म्हणजे शागिर्दी आहे. शागिर्दाने गुरूचं नाव सांगितलं म्हणून त्याचं स्वतःचं काम खोटं ठरत नाही, आणि गुरूलाही आधी कोणीतरी गुरू होताच.

मालकीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा जीव फारसा रमत नाही. १९७४ ते ७६ च्या सुमारास प्युजोने सित्रोएन घेतली, १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातला धंदा घेतला, आणि १६ जानेवारी २०२१ रोजी फियाट-क्रायस्लरशी एकत्र होऊन स्टेलांटिस झाली. स्टेलांटिसची कायदेशीर नोंदणी नेदरलँड्समध्ये आहे, म्हणून ‘डच’. प्युजो कुटुंबाचा हिस्सा अजून तिच्यात आहे आणि सोशोचा कारखाना अजून माँबेलियारजवळच चालतो. नोंदणीच्या कागदाने कारागिराचा हात बदलत नाही. पण यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जीप हे नावही आज त्याच स्टेलांटिसकडे आहे. प्युजो आणि जीप कागदोपत्री एका घरात आल्या २०२१ मध्ये. तुमच्या काकांच्या अंगणात त्या कितीतरी आधी एकत्र नांदत होत्या. आणि प्युजोची स्कूटरची कंपनी २०१५ मध्ये महिंद्राने निम्म्याहून जास्त आणि २०१९ मध्ये पूर्ण विकत घेतली होती. २०२३ मध्ये तिचा ताबा म्युनिकच्या एका गुंतवणूक कंपनीकडे गेला. शागिर्दाने गुरूच्या घरची एक खोली काही वर्षं सांभाळली म्हणा.

आपल्याकडची आणखी एक प्युजो इथे सांगितली पाहिजे, कारण गुंता कुठवर जातो ते तिच्यात दिसतं. नव्वदच्या दशकात प्रीमियरबरोबर भागीदारीत कल्याणला ३०९ बनायची. फार वर्षं ती चालली नाही, कामगारांचे तंटे आणि पैशाची ओढाताण यात ती बंद पडली. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांची ३०९ मी बरीच वर्षं सांभाळली. खराब रस्त्यावर ती ज्या मऊपणे चालायची, तो मऊपणा मला त्या काळच्या दुसऱ्या गाडीत मिळाला नाही. ही गाडी मुळात टॅल्बो या नावाने यायची होती आणि तिचं डिझाइन इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत झालं. ऐन वेळी तिला सिंह मिळाला. म्हणून तिचा आकडाही प्युजोच्या क्रमात बसत नाही: ३०५ नंतर ३०६ यायच्या आधीच ३०९ आली. तिच्यातलं दीड लिटरचं टीयूडी-५ डिझेल मारुतीने झेन आणि एस्टीममध्येही वापरलं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक प्युजोने १९२९ च्या २०१ पासून आपले म्हणून राखले आहेत. पोर्शेने ९०१ नाव ठेवलं तेव्हा प्युजोने हरकत घेतली, म्हणून ती ९११ झाली. आपल्या वस्तूवरचा आपला शिक्का इतक्या चिकाटीने जपणारं घराणं आहे हे.

मग मी प्युजोला फ्रेंच का म्हणतो? राजा जर्मन होता, पहिलं इंजिन जर्मन होतं, डिझेलचा पहिला धडाही जर्मन होता, हे सगळं मान्य करूनसुद्धा म्हणतो. एक कारण असं की १८१० पासून काम त्याच दू नदीच्या खोऱ्यात, त्याच गावांतल्या हातांनी झालं. १८७१ नंतर अल्सास जर्मनीकडे गेलं आणि सरहद्द या कारखान्यांच्या अंगणापर्यंत आली, तरी ते हलले नाहीत. दुसरं कारण १९४३ सालचं आहे. जर्मन ताब्यातल्या सोशो कारखान्यात रणगाड्यांचे भाग बनत होते. जुलैमध्ये ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले, ते बरेचसे आजूबाजूच्या वस्तीवर पडले आणि माणसं मेली. त्यानंतर रोदोल्फ प्युजो यांनी हॅरी री या ब्रिटिश हस्तकाशी संधान बांधलं, आणि नोव्हेंबरमध्ये कारखान्यातल्याच माणसांनी आपली यंत्रं आतून स्फोटाने निकामी केली. ज्या लेथवर आपण रोज हात फिरवतो ती स्वतः उडवायची, म्हणजे काय होत असेल, ते यंत्रावर काम करणाऱ्यालाच कळेल. हे घराणं कोणत्या देशाचं, याचं उत्तर मला तिथे मिळतं.

आता तुमच्या जीपचं. सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: तिच्यात मूळ इंजिन आहे का? इतक्या वर्षांत निम्म्या जीपांची इंजिनं बदललेली मी पाहिली आहेत. आरसी बुकावरचा इंजिन नंबर ब्लॉकवर खोदलेल्या नंबराशी ताडून बघा. नंबर गंजलेला असेल तर घासकागद लावू नका, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. मग हेड काढल्यावर बोअर मोजा, डायल गेजने, वर, मध्ये आणि खाली. ९० च्या आसपास आला तर एक्सडीपी. ९४ च्या आसपास आला तर कोणीतरी एक्सडी-३पी बसवलं आहे, तेही प्युजोच, पण पिस्टन, रिंग, हेड गॅस्केट सगळं वेगळं मागावं लागेल. दुकानात नुसतं ‘प्युजोचं द्या’ म्हणू नका. एका गिऱ्हाइकाने असंच म्हणून आणलेलं गॅस्केट माझ्याकडे डोळ्याला बरोबर वाटलं होतं, ब्लॉकवर ठेवलं तेव्हा कडा सिलिंडरला झाकत होती की नाही ते नखाने तपासलं म्हणून वाचलो. आणि दोन्हींपैकी काहीच जुळलं नाही, इंजिन तिसऱ्याच कंपनीचं निघालं, तर मात्र सिंह लावू नका. तेवढाच काय तो खोटेपणा ठरेल.

मूळ इंजिन निघालं तर सिंह खुशाल लावा, पण पुढच्या जाळीवर नको. तो चेहरा विलीजचा आणि महिंद्राचा आहे. जुने लोक डीपीची ओळख बॉनेट उघडूनच करून द्यायचे. व्हॉल्व्ह कव्हर साफ करून, काळा किंवा मूळचा रंग देऊन, त्याच्या शेजारच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर छोटा सिंह बसवा. जमलं तर बाणावर चालणारा, करवतीच्या काळातला. त्याखाली इगतपुरी एवढं नाव पाडून घ्या. काका हयात असतील तर हीटर प्लग धरून पहिली सेल्फ त्यांनाच मारू द्या, आकडे किती म्हणायचे ते त्यांना पाठ असेल.

बोअरचा आकडा आला की इथेच लिहा. ओव्हरसाइझ पिस्टन घ्यायचा की लायनर बदलायचं, ते त्या आकड्यावर ठरवू.